भारतातील सॉफ्टवेअर पायरसी : एका सवयीचा इतिहास आणि तिची किंमत

१. प्रस्तावना

प्रताधिकारधारकाच्या परवानगीशिवाय संगणक आज्ञावलीची प्रत काढणे, ती वाटणे किंवा विकणे, अथवा परवान्यात दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त संगणकांवर ती वापरणे, याला सॉफ्टवेअर पायरसी म्हणतात. मराठीत यासाठी ‘सॉफ्टवेअर चाचेगिरी’ असाही शब्द वापरतात. व्यवहारात तिचे चार प्रकार दिसतात. पहिला, एक परवाना घेऊन कार्यालयातील दहा संगणकांवर तेच सॉफ्टवेअर चढवणे. दुसरा, संगणक विकताना दुकानदाराने हार्ड डिस्कवर विनापरवाना सॉफ्टवेअर भरून देणे. तिसरा, हुबेहूब खोक्यात आणि लेबलात बनावट सीडी विकणे. चौथा, इंटरनेटवरून कुलूप तोडलेली, म्हणजे ‘क्रॅक’ केलेली प्रत उतरवून घेणे.

या पाठात आपण तीन प्रश्नांची उत्तरे शोधणार आहोत. सॉफ्टवेअरची प्रत काढणे हा गुन्हा केव्हापासून आणि का मानला जाऊ लागला? भारतात ही सवय एवढी खोल का रुजली? आणि तिच्यामुळे नुकसान नेमके कोणाचे झाले? तिसऱ्या प्रश्नाचे ठरावीक उत्तर ‘मोठ्या परदेशी कंपन्यांचे’ असे दिले जाते. भारतातील इतिहास पाहिला तर हे उत्तर अपुरे ठरते. काही किंमत सामान्य वापरकर्त्याने मोजली, काही इथल्या छोट्या सॉफ्टवेअर निर्मात्यांनी, आणि एक मोठा वाटा भारतीय भाषांनी मोजला.

२. सॉफ्टवेअर ‘विकण्याची वस्तू’ कधी झाले?

ज्या वस्तूला स्वतंत्र किंमत नाही तिची चोरीही नसते. १९५० आणि १९६० च्या दशकांत सॉफ्टवेअरची स्थिती अशीच होती. संगणक अवाढव्य आणि महाग होते. आज्ञावली यंत्रासोबतच मिळत असे. आयबीएमची यंत्रे वापरणाऱ्या संस्थांनी १९५५ मध्ये ‘शेअर’ नावाचा गट स्थापन केला होता. आपण लिहिलेल्या आज्ञावली एकमेकांना देणे हा त्या गटाचा एक मुख्य उद्देश होता. तेव्हा प्रत देणे म्हणजे सहकार्य होते.

२३ जून १९६९ रोजी आयबीएमने यंत्र आणि सॉफ्टवेअर यांची किंमत वेगवेगळी आकारण्याचा निर्णय जाहीर केला. कंपनीवर मक्तेदारीच्या आरोपांचे सावट होते, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. या निर्णयानंतर केवळ सॉफ्टवेअर विकून चालणाऱ्या उद्योगाला जागा मिळाली.

दुसरा टप्पा घरगुती संगणकांचा. जानेवारी १९७५ च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकी मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘आल्टेअर ८८००’ हा संगणक झळकला. त्यासाठी ‘बेसिक’ भाषेची आवृत्ती बिल गेट्स, पॉल ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली. हौशी लोकांच्या मंडळांमध्ये कागदी फितीवरील या आज्ञावलीच्या प्रती हातोहात फिरू लागल्या. ३ फेब्रुवारी १९७६ रोजी गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना उद्देशून एक खुले पत्र लिहिले. यंत्राचे पैसे सगळे देतात, मग आज्ञावलीचे का देत नाहीत, असा त्या पत्राचा रोख होता. आल्टेअरच्या मालकांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी बेसिक विकत घेतले, अशी त्यांची तक्रार होती. त्याच सुमारास प्रत वाटणे हा ज्ञान वाटण्याचाच भाग आहे, असे मानणारा वर्गही होता. पुढे २७ सप्टेंबर १९८३ रोजी रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची स्थापना झाली. पुढच्या सगळ्या वादाच्या दोन्ही बाजू अशा रीतीने सात-आठ वर्षांच्या आत उभ्या राहिल्या.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे पायरसी नव्हे. मुक्त सॉफ्टवेअरचा लेखक स्वतःच्या प्रताधिकाराचा आधार घेऊनच इतरांना प्रत काढण्याची आणि बदल करण्याची परवानगी देतो. पायरसीत ती परवानगी नसते.

३. भारतातील कायद्याची वाटचाल

परकीय चलन नियमन कायदा, म्हणजे ‘फेरा’, १९७३ मध्ये आला. त्यातील भागभांडवलाच्या अटी मान्य नसल्याने १९७८ मध्ये आयबीएम भारतातून बाहेर पडली. त्यानंतर एचसीएल, विप्रो, ईसीआयएल यांसारख्या भारतीय कंपन्या आणि सरकारी सीएमसी यांनी ती पोकळी भरून काढली. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीचे निर्बंध सैल केले आणि वैयक्तिक संगणक हळूहळू कार्यालयांत दिसू लागले.

याच वर्षी कायद्यातही महत्त्वाचा बदल झाला. प्रताधिकार अधिनियम, १९५७ मध्ये १९८४ च्या दुरुस्तीने संगणक आज्ञावलीचा समावेश ‘साहित्यकृती’च्या व्याख्येत करण्यात आला. म्हणजे कायद्याच्या नजरेत आज्ञावली आणि कादंबरी एकाच वर्गात बसल्या. अमेरिकेने असे पाऊल १९८० मध्ये उचलले होते. ब्रिटन आणि जपान यांनी १९८५ मध्ये उचलले. भारत या बाबतीत मागे नव्हता, हे विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे. कायदा वेळेवर आला. अंमलबजावणी मात्र बराच काळ कागदावर राहिली.

१९९४ ची दुरुस्ती १० मे १९९५ पासून लागू झाली. तिने कलम ६३ब आणले. आज्ञावलीची प्रत बेकायदा आहे हे ठाऊक असूनही ती संगणकावर वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड, अशी तरतूद त्यात आहे. वापर नफ्यासाठी किंवा धंद्याच्या ओघात नसेल तर न्यायालय कारावास न देता ५० हजारांपर्यंत दंड करू शकते. येथे विक्रेत्याबरोबर वापरकर्ताही कायद्याच्या कक्षेत आला. १ जानेवारी १९९५ पासून अमलात आलेल्या ‘ट्रिप्स’ कराराच्या कलम १० नेही संगणक आज्ञावलींना साहित्यकृतीप्रमाणे संरक्षण देणे सदस्य देशांवर बंधनकारक केले.

कायद्याची दुसरी बाजूही पाहावी. कलम ५२ नुसार वैध प्रत जवळ असलेल्या व्यक्तीला ती बिघडण्याच्या भीतीने राखीव प्रत काढता येते. १९९९ च्या दुरुस्तीने आज्ञावलीचे कार्य समजून घेण्यासाठी तिचे निरीक्षण व चाचणी करण्यास, तसेच वैधरीत्या मिळवलेल्या प्रतीवरून वैयक्तिक, अव्यावसायिक वापरासाठी प्रत काढण्यास ठरावीक मर्यादेत मुभा दिली. म्हणजे ‘प्रत काढली की गुन्हा’ असे सरसकट समीकरण भारतीय कायद्यात नाही. २०१२ मध्ये कलम ६५अ आले आणि प्रताधिकाराचा भंग करण्याच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला.

न्यायालयांनीही या प्रवासाला दिशा दिली. ५ नोव्हेंबर २००४ रोजी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फ्लॉपी किंवा सीडीवर तयार मिळणारे सॉफ्टवेअर विक्रीकरासाठी ‘माल’ ठरते, असा निर्णय दिला. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हार्ड डिस्कवर विनापरवाना सॉफ्टवेअर भरून संगणक विकणाऱ्या विक्रेत्याविरुद्ध मोठी नुकसानभरपाई मंजूर केली. २० मे २०२२ रोजी निट प्रो इंटरनॅशनल विरुद्ध दिल्ली राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कलम ६३ खालील गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे स्पष्ट केले.

४. सवय रुजली कशी?

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतातील कार्यालयांत वर्डस्टार, लोटस १-२-३ आणि डीबेस ही नावे सर्वांच्या तोंडी होती. संगणक शिकवणाऱ्या वर्गांमध्येही हीच पॅकेजेस शिकवली जात. मात्र त्यांची मूळ खोकी फार थोड्या ठिकाणी होती. याची कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिले कारण किमतीचे. अमेरिकेतील पगाराच्या हिशेबाने ठरवलेली किंमत रुपयांत बदलली, तिच्यावर आयातशुल्क चढले, की ती येथील कारकुनाच्या किंवा विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर जाई. अमेरिकेतील सोशल सायन्स रिसर्च कौन्सिलने २०११ मध्ये ‘मीडिया पायरसी इन इमर्जिंग इकॉनॉमीज’ हा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात भारतावरही प्रकरण आहे. चढ्या किमती, कमी उत्पन्न आणि स्वस्त डिजिटल साधने हे तीन घटक एकत्र आले की पायरसी वाढते, असे त्याचे प्रतिपादन आहे.

दुसरे कारण बाजाराच्या रचनेचे. भारतात बराच काळ नाममुद्रा असलेल्या संगणकापेक्षा सुटे भाग जोडून बनवलेला ‘असेंबल्ड’ संगणक लोकप्रिय होता. दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळूरचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट या बाजारांत गिऱ्हाईक यंत्राची किंमत पाहून घासाघीस करी. ज्या दुकानदाराने सॉफ्टवेअरचे पैसे वेगळे मागितले त्याचा संगणक शेजारच्यापेक्षा महाग ठरे. त्यामुळे ‘सगळे भरून देतो’ हे वाक्य स्पर्धेचा भाग बनले. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने सॉफ्टवेअर हे यंत्राबरोबर मिळणारे काहीतरी होते. १९६९ पूर्वीच्या अमेरिकेतील समजूत येथे वेगळ्या वाटेने टिकून राहिली. पुढे नेहरू प्लेसचे नाव अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयाच्या ‘कुप्रसिद्ध बाजारपेठां’च्या यादीतही आले.

तिसरे कारण प्रसाराचे. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर, मग सीडीवर, मग पेन ड्राइव्हवर प्रत काढण्याचा खर्च घसरत गेला. इंटरनेट आल्यावर तो जवळजवळ शून्य झाला.

उद्योगाची बाजू मांडणाऱ्या ‘नॅसकॉम’ या संघटनेची स्थापना १९८८ मध्ये झाली. देवांग मेहता यांच्या कार्यकाळात तिने पायरसीविरोधी मोहीम नेटाने चालवली. त्याच वर्षी अमेरिकेत स्थापन झालेल्या बिझनेस सॉफ्टवेअर अलायन्सनेही (पुढे ‘बीएसए’) भारतात लक्ष घातले. छापे, जाहिराती आणि तक्रारीसाठी दूरध्वनी क्रमांक ही या मोहिमेची साधने होती.

५. आकडे कसे वाचावेत?

बीएसएच्या जागतिक अभ्यासांनुसार भारतातील पायरसीचे प्रमाण २००३ मध्ये ७३ टक्के होते. २००७ मध्ये ते ६९, २०११ मध्ये ६३ आणि २०१७ मध्ये ५६ टक्क्यांवर आले. २०१७ मधील विनापरवाना सॉफ्टवेअरचे व्यापारी मूल्य सुमारे २४७ कोटी डॉलर सांगितले गेले. उतरणीची दिशा बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने आकडा कोणी, कसा आणि कशासाठी काढला हे विचारलेच पाहिजे.

हे मोजमाप प्रत्यक्ष मोजणी नसून अंदाज आहे. देशात संगणक किती, प्रत्येकावर सरासरी किती सॉफ्टवेअर, आणि त्यापैकी अधिकृत विक्री किती, यांच्या वजाबाकीतून विनापरवाना भाग काढला जातो. शिवाय हा अभ्यास विक्रेत्यांच्या संघटनेने करवून घेतलेला आहे. सुरुवातीच्या अहवालांत विनापरवाना प्रतींच्या एकूण किमतीलाच ‘नुकसान’ म्हटले जाई; नंतर ‘व्यापारी मूल्य’ हा शब्द आला. हा केवळ शब्दांचा फरक नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा २० हजार रुपयांचे एक पॅकेज १०० विद्यार्थ्यांनी विनापरवाना वापरले. त्याचे व्यापारी मूल्य २० लाख रुपये झाले. पण प्रत मिळालीच नसती तर त्यांतील फक्त पाच जणांनी ते विकत घेतले असते, असे समजू. मग कंपनीची बुडालेली विक्री १ लाख रुपये ठरते. उरलेले ९५ जण एखादे स्वस्त किंवा फुकट सॉफ्टवेअर शोधतील, अथवा त्याशिवाय राहतील. अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या सरकारी उत्तरदायित्व कार्यालयाने एप्रिल २०१० च्या अहवालात पायरसीच्या नुकसानीचे अंदाज ठामपणे सिद्ध करणे कठीण असल्याचे नोंदवले. प्रत्येक विनापरवाना प्रत म्हणजे एक हुकलेली विक्री, या गृहीतकाच्या मर्यादाही त्यात आल्या आहेत.

याचा अर्थ नुकसान होत नाही असा नव्हे. त्या पाच गिऱ्हाइकांवर ज्याचे पोट आहे त्याला १ लाख रुपये मोठेच असतात. म्हणून एकूण आकड्यापेक्षा नुकसान कोणाच्या वाट्याला आले हे पाहणे अधिक उपयोगाचे.

६. वापरकर्त्यांवरील परिणाम

पायरसीचा वापरकर्त्याला लाभ झाला, हे प्रथम मान्य केले पाहिजे. संगणक शिकलेल्या एका संपूर्ण पिढीने विनापरवाना प्रतींवर हात बसवला. त्यातून अनेकांना नोकऱ्या मिळाल्या. पण फुकट मिळालेल्या प्रतीची किंमत वेगळ्या खात्यात मांडली जात होती.

सर्वांत ठळक किंमत सुरक्षिततेची. जानेवारी १९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारूख अल्वी या भावांनी ‘ब्रेन’ नावाचा विषाणू तयार केला. आयबीएम पीसीवरील तो पहिला मानला जातो. आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती किती पसरतात हे कळावे म्हणून तो लिहिल्याचे त्यांनी पुढे सांगितले. त्यात त्यांचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही होता. फ्लॉपींच्या देवाणघेवाणीतून तो इतर देशांत पोहोचला. म्हणजे या उपखंडात पायरसीला आळा घालण्याच्या प्रयत्नातूनच विषाणूंच्या इतिहासाचे एक पान लिहिले गेले, आणि प्रती फिरण्याची वाट हीच विषाणू फिरण्याची वाट ठरली.

पुढे धोका अधिक नेमका झाला. विंडोज एक्सपीबरोबर २००१ मध्ये सक्रियकरणाची अट आली आणि २००५ मध्ये प्रत अस्सल आहे की नाही हे तपासणारी यंत्रणा आली. स्वयंचलित अद्ययावतीकरणातून महत्त्वाच्या सुरक्षा दुरुस्त्या मिळण्याची सोय कायम होती. तरीही पकडले जाऊ या भीतीने अनेक जण अद्ययावतीकरणच बंद करून ठेवत. दुकानदारही गिऱ्हाइकाला तसाच सल्ला देत. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला तेव्हा त्याने वापरलेल्या छिद्रासाठीची दुरुस्ती १४ मार्चलाच प्रसिद्ध झालेली होती. भारतात पश्चिम बंगालमधील वीज वितरण कार्यालये आणि आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणक त्याच्या तडाख्यात सापडले. अद्ययावत न केलेल्या प्रत्येक संगणकावरील प्रत विनापरवाना होती असे म्हणता येणार नाही. अधिकृत प्रत घेऊनही हलगर्जी करता येते. पण ज्याची सवयच अद्ययावतीकरण टाळण्याची झाली तो अशा हल्ल्यापुढे उघडा पडतो, हे खरे.

आज ‘क्रॅक’ आणि ‘की-जेन’ नावाच्या फायली चालवण्यासाठी आधी विषाणुरोधक बंद करा, अशी सूचना त्यांच्यासोबतच असते. घराचे कुलूप उघडे ठेवून अनोळखी माणसाला आत बोलावण्यासारखे हे आहे. संगणकावर बँकेचे व्यवहार नव्हते तोवर नुकसान एखाद्या फायलीपुरते होते. आता तसे राहिलेले नाही.

७. व्यवसायांवरील परिणाम

व्यवसायांचे दोन गट वेगळे पाहावेत : सॉफ्टवेअर वापरणारे आणि सॉफ्टवेअर बनवणारे.

वापरणाऱ्या छोट्या उद्योगाला कायद्याची जोखीम असते, पण रोजची अडचण वेगळीच असते. लेखापालनाचे उदाहरण घ्या. २००५ मध्ये बहुतेक राज्यांत मूल्यवर्धित कर आला; १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. प्रत्येक वेळी बिलांचे नमुने, दर आणि विवरणपत्रे बदलली. परवानाधारकाला नवी आवृत्ती आणि मदत मागता येते. क्रॅक केलेली प्रत जुन्या जागीच अडकते. वर्षानुवर्षांचे हिशेब तिच्यात असतील तर धंद्याची नाडीच अडते.

बनवणाऱ्यांमध्ये मोठी कंपनी आणि छोटी कंपनी यांचे गणित सारखे नसते. कॅथलीन कॉनर आणि रिचर्ड रुमेल्ट यांनी १९९१ मध्ये ‘मॅनेजमेंट सायन्स’ या नियतकालिकात असे मांडले की, जितके लोक वापरतील तितके ज्याचे मोल वाढते अशा सॉफ्टवेअरच्या बाबतीत कडक कुलूप लावणे निर्मात्याच्या फायद्याचे असेलच असे नाही. फुकट वापरणाऱ्यांमुळे ते पॅकेज सर्वत्र चालणारे मानक बनते आणि कार्यालयांना तेच विकत घ्यावे लागते. चीनमधील पायरसीबद्दल बोलताना १९९८ मध्ये गेट्स यांनीही, चोरायचेच असेल तर लोकांनी आमचे चोरावे, सवय लागली की पुढे पैसे कसे घ्यायचे ते पाहू, अशा आशयाचे विधान केले होते. १९७६ च्या पत्राशी ताडून पाहिले तर बाजारातील स्थान बदलले की भूमिका कशी बदलते हे कळते.

याची झळ कोणाला लागते? स्वस्त पर्याय देऊ पाहणाऱ्या नव्या निर्मात्याला. नामांकित परदेशी पॅकेज पन्नास रुपयांच्या सीडीत मिळत असेल, तर पाचशे रुपयांचे देशी पॅकेज कोण घेणार? किमतीत स्पर्धा करण्याचा त्याचा एकमेव फायदा पायरसी हिरावून घेते. भारतातील सॉफ्टवेअर उद्योग उत्पादनांऐवजी प्रामुख्याने परदेशी ग्राहकांच्या सेवांवर वाढला, याची कारणे अनेक आहेत : देशांतर्गत संगणकांची अल्प संख्या, इंग्रजी जाणणारे अभियंते, निर्यातीला सरकारी प्रोत्साहन. पायरसीचेही या यादीत स्थान आहे. ठरावीक ग्राहकासाठी केलेली सेवा फ्लॉपीवर उतरवून विकता येत नाही. तयार उत्पादन मात्र येते. याला अपवादही घडले. श्यामसुंदर गोयंका आणि भरत गोयंका यांनी १९८६ मध्ये बंगळुरात सुरू केलेल्या कंपनीचे ‘टॅली’ मोठ्या प्रमाणावर नकलले गेले, तरी टिकले. भारतीय हिशेबाच्या रीतीशी ते जुळत होते, आणि गावोगावचे लेखापाल तेच शिकत होते.

८. भारतीय भाषांनी मोजलेली किंमत

हा भाग सहसा चर्चेत येत नाही. इंग्रजी सॉफ्टवेअरच्या निर्मात्याला भारतात तोटा झाला तरी त्याची बाजारपेठ जगभर होती. मराठी, कन्नड किंवा ओडिया लिपीसाठी काम करणाऱ्या निर्मात्याची बाजारपेठ येथेच होती.

आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले भारतीय लिपींचे काम १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने पुढे नेले. ‘जिस्ट कार्ड’ संगणकात बसवले की भारतीय लिपी पडद्यावर उमटत. ते कार्ड म्हणजे हार्डवेअर असल्याने त्याची फ्लॉपीवर प्रत काढता येत नव्हती. विंडोज आल्यावर पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे ‘श्रीलिपी’, बंगळूरच्या सायबरस्केपचे ‘आकृती’ अशी पॅकेजेस छपाईच्या जगात पसरली. प्रती काढल्या जाऊ नयेत म्हणून अशी अनेक पॅकेजेस संगणकाच्या मागे लावायच्या हार्डवेअर लॉकसह विकली जात. लॉक हरवले किंवा बिघडले की पैसे भरलेला ग्राहकही अडून बसे.

यात भर पडली ती संकेतनाची. ‘इस्की’ हे भारतीय मानक १९९१ मध्ये अधिकृत झाले होते. त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली. पण त्या काळच्या विंडोजमध्ये जोडाक्षरे जुळवण्याची सोय नव्हती. म्हणून प्रत्येक कंपनीने आपापल्या क्रमाने अक्षरांचे तुकडे फाँटमध्ये बसवले. एका कंपनीच्या फाँटमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्या फाँटमध्ये निरर्थक चिन्हांची रांग दिसे. याचे मूळ तांत्रिक होते, पायरसी नव्हे. मात्र निर्माता आणि ग्राहक यांच्यात विश्वास नसताना आपले संकेतन खुले करण्यात निर्मात्याला लाभ दिसत नव्हता. दुसरीकडे, फाँटची फाइल सहज नकलता येत असल्याने छपाईची अनेक दुकाने केवळ फाँट घेऊन काम भागवत. मजकूर एका संकेतनातून दुसऱ्यात नेणारी साधने आणि पुढील आवृत्त्या त्यांच्याकडे नसत. परिणामी पुस्तके, अंक आणि प्रश्नपत्रिका यांचा मोठा साठा अशा फायलींत पडून राहिला, ज्या आज उघडतात पण वाचता येत नाहीत.

उलट्या दिशेनेही प्रयत्न झाले. शेषाद्री वासू यांचे कन्नडसाठीचे ‘बरह’ १९९८ पासून मोफत उपलब्ध झाले. विंडोज २००० मध्ये देवनागरीचा युनिकोड आधार आणि ‘मंगल’ फाँट आला. २००५ मध्ये केंद्र सरकारने तमिळ आणि त्यानंतर हिंदीसाठी फाँट आणि सॉफ्टवेअरच्या मोफत सीडी काढल्या. फाँट चोरून घ्यावा लागला नाही तेव्हा भाषा संगणकावर वेगाने पसरली, असे या टप्प्यावरून दिसते. याच वर्षी मायक्रोसॉफ्टने कमी किमतीची हिंदी ‘विंडोज एक्सपी स्टार्टर एडिशन’ आणली. पण तिच्यात एका वेळी तीनच कार्यक्रम चालत. नेहरू प्लेसच्या सीडीवर पूर्ण विंडोज मिळत असताना अपुरी विंडोज विकणे अवघड होते.

९. पायरसी का घटली?

छापे आणि शिक्षा यांचा वाटा होता, पण मुख्य बदल बाजारात झाला. संगणकांऐवजी लॅपटॉप आणि मोबाइल आले. त्यांत सॉफ्टवेअर कारखान्यातूनच भरून येऊ लागले. २०१३ मध्ये अ‍ॅडोबीने आपली पॅकेजेस कायमची विकण्याऐवजी वर्गणीवर देण्याचा निर्णय जाहीर केला, आणि इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. जे सॉफ्टवेअर दूरच्या सर्व्हरवर चालते त्याची सीडी निघत नाही.

मुक्त सॉफ्टवेअर हा दुसरा मार्ग. केरळमध्ये २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘आयटी@स्कूल’ प्रकल्पाने शाळांतून ग्नू-लिनक्स रुजवले. २०१९ मध्ये या प्रकल्पाची उत्तराधिकारी संस्था ‘काइट’ने दोन लाख संगणकांमागे परवान्यांचे ३ हजार कोटी रुपये वाचल्याचा अंदाज दिला. येथेही पाचव्या विभागातील प्रश्न विचारावा : एवढे परवाने खरोखर विकत घेतले गेले असते का? पण या अनुभवाचे मोल रुपयांपलीकडचे आहे. त्या शाळांतील मुलांना संगणक शिकण्यासाठी कायदा मोडावा लागला नाही.

१०. समारोप

भारतातील पायरसीचा इतिहास केवळ चोर आणि शिपाई यांची गोष्ट नाही. परवडणारी वैध प्रत नसताना ती पसरली, आणि परवडणारी प्रत येऊ नये अशी परिस्थितीही तिनेच निर्माण केली. मोठ्या कंपन्यांनी तिच्यातून बाजारपेठ कमावली. छोट्या निर्मात्यांनी गिऱ्हाईक गमावले. वापरकर्त्यांनी शिक्षण मिळवले आणि सुरक्षितता गहाण ठेवली. भाषांच्या वाट्याला कुलपे आणि न वाचता येणाऱ्या फायली आल्या. आज वर्गणीच्या युगात प्रश्न बदलला आहे : हप्ता थांबला की सॉफ्टवेअर थांबते, आणि कधी कधी त्यात साठवलेले आपलेच काम दूर जाते. प्रत बाळगण्याचा हक्क कोणाचा, हा १९७६ चा प्रश्न अजून मिटलेला नाही.

विचारार्थ प्रश्न

१. ‘विनापरवाना सॉफ्टवेअरचे व्यापारी मूल्य’ आणि ‘उद्योगाचे नुकसान’ यांतील फरक स्वतःच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. प्रताधिकार अधिनियमाच्या कलम ५२ आणि कलम ६३ब यांतील तरतुदी वापरकर्त्याच्या दृष्टीने तपासा.
३. तुमच्या भाषेतील जुन्या फाँटमधील मजकूर आज कोठे आणि कोणत्या अवस्थेत आहे? जवळच्या छापखान्यात किंवा ग्रंथालयात चौकशी करून एक पानी टिपण लिहा.
४. मुक्त सॉफ्टवेअर आणि पायरसी यांच्यातील भेद प्रताधिकाराच्या आधारे सांगा.